वाचले असे समजून

आमच्या संस्थेत एकशे बारा सभासद आहेत आणि त्यातल्या निदान शंभरांना वीज कशी चालते हे कळत नाही. कळत नाही याबद्दल माझं काही म्हणणं नाही, नोकरी लागेपर्यंत मलाही कळत नव्हतं. पण न कळणाऱ्याने निदान गप्प बसावं, ही साधी अपेक्षाही इथे कुणी पुरी करत नाही.

बंद पडलेल्या विटांच्या कारखान्याच्या आवारात आमची एकशे बारा सौर पॅनेलं उभी आहेत. चौदा-चौदाच्या आठ रांगा. ज्यांच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर नाही, म्हणजे फ्लॅटवाले, भाडेकरू, तळमजल्याच्या गाळ्यात दुकान मांडून बसलेले, त्यांनी इथे एकेक वाटा घ्यायचा. सगळ्या पॅनेलांची वीज एकत्र होऊन एका मीटरमधून वीज कंपनीच्या तारांत जाते. महिन्याला जेवढी युनिटं होतील त्यांचे एकशे बारा सारखे भाग करायचे आणि ज्याचा त्याचा भाग ज्याच्या त्याच्या बिलातून वजा व्हायचा. एवढंच. शेंबड्या पोराला समजेल असं हे काम साहेबांनी अवघड करून ठेवलं.

साहेब म्हणजे आमचे अध्यक्ष. कुठल्याशा खात्यातून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेत. घरी त्यांना कुणी साहेब म्हणत नसावं आणि त्यासाठीच त्यांनी संस्था काढली असावी, असा माझा अंदाज आहे. सुरुवातीला वाटे खपेनात. तेव्हा त्यांच्या डोक्यातून कल्पना निघाली, की प्रत्येक पॅनेलखाली सभासदाच्या नावाची पाटी लावायची. पितळी पाटी, खाली नंबर. महिन्याभरात वाटे संपले, वाट बघणाऱ्यांची यादी लागली. आणि त्याच महिन्यापासून लोकांची अशी पक्की समजूत झाली, की आपल्या नावाच्या पॅनेलची वीज तिथून निघते ती थेट आपल्याच घरी येते.

मग रविवारी मंडळी सहकुटुंब यायला लागली. दातांचे डॉक्टर सासू-सासऱ्यांना घेऊन आले आणि तीन नंबरच्या पॅनेलसमोर उभे राहून, नवी गाडी दाखवावी तसे, "हे आमचं" म्हणाले. एक मुख्याध्यापिका घरून मऊ फडकं आणायच्या, आपलंच पॅनेल पुसायच्या आणि धूळ शेजारच्यावर झटकायच्या. डॉक्टरांनी एकदा मला कार्यालयात येऊन हळू आवाजात विचारलं, की त्यांचा फ्रीज हल्ली घरघरतो, तर शेजारच्या पॅनेलची वीज त्यांच्या विजेत मिसळत नसेल ना. मी वायरमनकडे बोट दाखवलं.

"डॉक्टर, वीज पाट्या वाचत नाही," वायरमन म्हणाला आणि परत पान्याला लागला. अख्ख्या संस्थेत अक्कल असलेला तेवढा एकच माणूस, आणि त्याला सभेत बसायला खुर्ची नसते, तो दाराशी उभा राहतो.

मी संस्थेची कारकून. पावत्या, फोन, पत्रं आणि सभेचं इतिवृत्त, सगळं माझ्याकडे. कर्मचारी म्हणून एक वाटा मलाही मिळाला होता, शेवटच्या रांगेतला, एकशे अकरा नंबरचा. सभा कामाच्या दिवशी दुपारी चारला असते. ती वेळ साहेबांनी फार विचार करून ठरवली आहे, कारण त्या वेळेला पोटासाठी राबणारा माणूस येऊ शकत नाही आणि पोट सुटलेला येऊ शकतो. सभेचा पहिला विषय नेहमी एकच, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ते कधीच वाचलं जात नाही. साहेब म्हणतात, "वाचलं असं समजू या," सगळे माना डोलावतात, आणि मी लिहिते, वाचले असे समजून कायम करण्यात आले. चार तासांचं भांडण मी चार ओळींत बसवते, तेही असं, की वाचणाऱ्याला वाटावं इथे सगळे साधुसंत जमले होते. साहेब कौतुकाने म्हणतात, "बाईंच्या हाताला वळण आहे." मला त्याचा अभिमान वाटायचा, तेही सांगून टाकते.

एकशे बारा नंबरचं पॅनेल एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याचं होतं. तो वारला, वारस परदेशी, वाटा रिकामा झाला. मी यादीतल्या पहिल्या तिघांना फोन केले. पहिली म्हणाली, गेलेल्या माणसाचं नको, मी थांबते. दुसऱ्याने विचारलं, ते कशाने गेले, म्हणजे साथीचं वगैरे काही नव्हतं ना. तिसऱ्याने प्रत्यक्ष येऊन पाहिलं. पॅनेल अगदी टोकाला, आणि दुपारी चारनंतर कारखान्याच्या जुन्या पाण्याच्या टाकीची सावली त्यावर पडते. त्याने असं नाक मुरडलं, जणू कुणी त्याला शिळं वाढलं होतं. चौथं नाव इस्त्रीवालीचं.

तिचं दुकान आमच्या मागच्या गल्लीत. तळमजल्याचा गाळा, एक खिडकी, एक लांब टेबल, वर दोन इस्त्र्यांची जागा. आमच्या घरचे कपडे तिच्याकडेच जातात. गाळ्याला छप्पर म्हणजे वरच्या माणसाची जमीन, तेव्हा स्वतःचं पॅनेल लावायचा प्रश्नच नाही. दिवसभर इस्त्री तापवायची तर विजेचं बिल तिच्या कमाईतला मोठा घास घ्यायचं. दुसरी इस्त्री कपाटावर धूळ खात होती.

फोनवर मी तिला टाकी, सावली, म्हातारा, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "युनिटं सगळ्यांएवढीच मिळणार ना?"

"सगळ्यांएवढीच."

"मग सावलीचं मला काय करायचंय? मी काय तिथे बसून इस्त्री करणार आहे?"

एवढी समज मला त्या वर्षभरात कुणाकडून ऐकायला मिळाली नव्हती. पाटी बदलायला मात्र साहेबांना सवड झाली नाही. तिच्या पॅनेलखाली म्हाताऱ्याचंच नाव राहिलं. ती म्हणाली, असू द्या, त्याचा मला त्रास नाही.

दोन महिन्यांत तिने दुसरी इस्त्री खाली काढली आणि धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं. बहीण सासरी होती. तिथे तिचं कुणी नव्हतं असं नाही, सगळे होते, तेच तर तिचं दुःख होतं. मी कपडे टाकायला गेले की दोघी समोरासमोर उभ्या दिसायच्या, एक शर्ट दोघींत वाटून, एकीकडे कॉलर, एकीकडे बाह्या. धाकटी फार बोलायची नाही. पण एकदा मला बाहीची घडी कशी घालायची ते दाखवताना हसली होती. थोरली मला म्हणाली, "ताई, ही दुसरी इस्त्री चालते तोवर हिला परत जायला नको." म्हणजे तिचं सगळं त्या एकशे बाराव्या भागावर उभं होतं.

पोटदुखी सुरू झाली ती कार्यालयातल्या सूचना फलकावर महिन्याची युनिटं लावली तेव्हा. एक ते एकशे बारा, सगळ्यांपुढे एकच आकडा. डॉक्टर त्यापुढे बराच वेळ उभे राहिले.

"हे बरोबर नाही," ते म्हणाले. "आम्ही पहिल्या रांगेत, दिवसभर उन्हात. ती बाई तिकडे टाकीच्या सावलीत. आणि युनिटं सारखी?"

ते असं बोलत होते, जणू स्वतःच दिवसभर आवारात उन्हात उभे असतात. पण मूर्खपणाला साथ मिळायला वेळ लागत नाही. आठवड्याभरात अख्ख्या पहिल्या रांगेच्या डोळ्यांत शेवटची रांग खुपायला लागली. पहिल्या रांगेत साहेब, डॉक्टर, मुख्याध्यापिका आणि त्यांचे व्याही. शेवटच्या रांगेत भाडेकरू, एक शिंपी, एक रात्रपाळीची परिचारिका, इस्त्रीवाली आणि मी. विषयपत्रिकेवर तिसरा विषय पडला, रांगेनुसार वीजवाटप.

सभेच्या आधी साहेबांनी मला आत बोलावलं. "बाई, चौथ्या रांगेत सेहेचाळीस नंबर रिकामा होतोय. तुमचं नाव मी मनात धरलंय." एवढंच बोलले आणि चहा मागवला. माझ्यासाठीही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

सभेला इस्त्रीवाली आली होती. मी सोडले तर शेवटच्या रांगेतली ती एकटीच, दुकान बहिणीवर टाकून. ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली, ओळखीचं माणूस तेवढं एकच म्हणून. ठराव असा होता, की प्रत्येक रांगेला वेगळं मीटर बसवायचं आणि ज्या रांगेची जेवढी वीज तेवढीच त्या रांगेच्या सभासदांना द्यायची. मीटरं यायला तीन महिने लागणार, तोवर साहेबांनी स्वतः केलेला अंदाजे तक्ता लागू. तक्त्यात पहिल्या रांगेला भरघोस वाढ होती आणि शेवटच्या रांगेचा भाग जवळपास निम्म्यावर आणला होता. कशावरून, असं विचारल्यावर साहेब म्हणाले, अनुभवावरून. त्यांचा अनुभव जकातीचा आहे, असं मला वाटतं. विजेचा नक्कीच नाही.

दाराशी उभा असलेला वायरमन म्हणाला, "सावली बघायचीच असेल तर तो समोरचा मोठा फलक बघा. टाकीपेक्षा तोच जास्त ऊन अडवतो."

तो फलक संस्थेला वर्ष झालं तेव्हा उभा केला होता. रस्त्याच्या कडेला, दोन मजली घराएवढा, वर साहेबांचा हात जोडलेला फोटो आणि खाली कार्यकारिणी. पॅनेलांची तोंडं ज्या बाजूला, फलकही नेमका त्याच बाजूला, पहिल्या रांगेच्या पुढ्यात.

"तांत्रिक मुद्दे नंतर," साहेब म्हणाले.

मग इस्त्रीवाली उठली. तिला सभेत बोलायची सवय नव्हती, पण बोलली ती सरळ बोलली. "मला वाटा देताना सांगितलं होतं, सगळ्यांना सारखं. त्यावर मी दुसरी इस्त्री चालू केली. निम्मं केलंत तर ती बंद करावी लागेल आणि माझ्या बहिणीला परत पाठवावं लागेल. तिला तिथे परत जायचं नाही. तीन महिने थांबा. मीटर बसू द्या, खरंच कमी निघालं तर कमी द्या, मी काही बोलणार नाही."

"तुमचं सगळं लिहून घेतलं जातंय," साहेब म्हणाले. "बसा."

मतदान झालं. हात वर झाले. मी समोर पाहिलं, साहेब माझ्याकडेच बघत होते, आणि मी हात वर केला. विरोधात कोण, असं विचारल्यावर माझ्या शेजारचा एकच हात वर गेला. उजवा हात, मनगटाजवळ भाजल्याचे जुने डाग. संध्याकाळच्या आत मी इतिवृत्त लिहून टाकलं, नेहमीसारखं.

पुढच्या महिन्यात मला सेहेचाळीस नंबर मिळाला. त्याच महिन्यात मी कपडे टाकायला गेले तर टेबलाच्या एका बाजूला कुणी नव्हतं. इस्त्रीवालीने कपडे मोजून घेतले, एवढंच. मी बहिणीचं विचारलं नाही. विचारायला काय होतं? मलाच माझा राग आला असता, आणि रागावण्यासाठी माझ्याकडे इतर पुष्कळ माणसं होती.

मग मीटरं बसली आणि महिन्याने आकडे आले. सगळ्यात कमी वीज पहिल्या रांगेची. सगळ्यात जास्त शेवटच्या.

साहेबांनी आधी मीटर खोटं ठरवलं. वायरमनने तपासून दिलं. मग रस्त्याच्या धुळीला दोष दिला, पॅनेलं पुसून घेतली, फरक पडला नाही. शेवटी वायरमनने त्या सगळ्यांना सकाळी दहा वाजता आवारात उभं केलं. ऊन फलकाच्या मागून येत होतं आणि फलकाची काळी सावली पहिल्या रांगेवर अंथरली होती. साहेबांच्या डोक्याची सावली साहेबांच्याच पॅनेलवर आणि कार्यकारिणीची डॉक्टरांच्या. "रांगेतलं एक पॅनेल झाकलं तरी सगळी रांग मागे पडते," वायरमन म्हणाला. "टाकीची सावली येते तेव्हा ऊन उतरलेलंच असतं. हे मी सांगितलं होतं."

फलक काढा, असं कुणीच म्हणालं नाही. मी वाट पाहत होते. एवढ्या लोकांत एकाच्या तरी तोंडून ते निघेल असं मला वाटलं होतं, यावरून मीही किती भोळी आहे ते कळतं. त्याऐवजी पंधरा दिवसांत नवी सभा लागली, कामाच्या दिवशी, दुपारी चारला. विषय, सहकाराच्या मूळ भावनेनुसार सर्वांना समान वाटप.

या वेळी सभागृह भरलं होतं. साहेबांनी सहकारावर पंधरा मिनिटं भाषण केलं. सूर्य सगळ्यांचा आहे, असं ते म्हणाले. चार महिन्यांपूर्वी तो पहिल्या रांगेचा होता. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. मग साहेब खुर्चीवर बसले आणि नेहमीच्या सुरात म्हणाले, "मागचं इतिवृत्त वाचलं असं समजू या."

"मी नाही समजत," मागून आवाज आला. "वाचा."

इस्त्रीवाली उभी होती. दुकान बंद करून आली असणार, आता मागे ठेवायला कुणी नव्हतं. कुणीतरी हसलं. साहेब म्हणाले, "ताई, वेळ जातो. प्रथा नाही."

"मी मागच्या वेळी बोलत होते तेव्हा तुम्ही म्हणालात, सगळं लिहून घेतलं जातंय, बसा. म्हणून मी बसले. काय लिहून घेतलं ते मला ऐकायचंय."

दाराशी वायरमन उभा होता. तो म्हणाला, "नियमात आहे. एकाने मागितलं तरी वाचावं लागतं."

साहेबांनी माझ्याकडे मान हलवली. त्यांना कसली भीती? माझ्या हाताला वळण आहे. मी वही उघडली. ते पान मला पाठ होतं तरी मी त्यात डोकं खुपसलं. आणि वाचलं.

"विषय तीन. रांगेनुसार वीजवाटप. विषयावर खेळीमेळीच्या वातावरणात सविस्तर चर्चा झाली. तांत्रिक बाबी विचारात घेण्यात आल्या. ठराव सर्वानुमते मंजूर."

"पुढे?"

"एवढंच आहे."

ती बसली नाही. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्या माणसाला चार ओळींत बसवायची मला सवय आहे.

"माझा हात वर होता," ती म्हणाली. साहेबांना नाही, मला. "तुम्ही माझ्या शेजारी होता, ताई."

"हो."

"तुम्हाला दिसला होता?"

"दिसला होता."

साहेबांनी घसा खाकरला आणि समजूत घातल्यासारखे म्हणाले, की झालं गेलं, आता तर सगळं पूर्वीसारखंच होतंय, ताईंनाही त्यांचा पूर्ण भाग परत मिळतोय, त्यांनी आनंद मानायला हवा.

"पूर्वीसारखं होत नाही," ती म्हणाली. "मी बहिणीला आणायला गेले होते. ती म्हणाली, मला पुन्हा पाठवणार असशील तर आत्ताच येत नाही. मी तिला नाही पाठवणार असं सांगू शकले नाही. तुमच्या भरवशावर कसं सांगू?" आणि ती निघाली. दारात वायरमनने तिला वाट दिली.

ठराव मांडला गेला. हात वर झाले, सगळे. माझा झाला नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि त्यात कसला पराक्रम? चार महिने उशिरा, आणि ज्या ठरावाला विरोध करायचं काही कारणच नव्हतं त्याला.

संध्याकाळच्या आत मी इतिवृत्त लिहिलं. या वेळी सगळं. ती काय म्हणाली, साहेब काय म्हणाले, वायरमन काय म्हणाला, मागच्या सभेत तिचा हात वर होता आणि कारकुनाने तो लिहिला नाही, हेही. साडेपाच पानं झाली. साहेबांनी चाळलं आणि म्हणाले, "बाई, एवढं कशाला? सविस्तर चर्चा झाली म्हणा की." मी म्हटलं, पानं फाडायची तर तुम्ही फाडा. त्यांनी फाडली नाहीत. त्यांना गरजच नव्हती, आणि ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वही पिशवीत घालून कपडे टाकायला गेले. तिने शर्ट मोजले. मी वही तिच्या टेबलावर उघडून ठेवली आणि म्हटलं, "सगळं लिहिलंय. बघा."

तिने इस्त्री उभी केली, हात पुसले, आणि पहिलं पान खरंच वाचलं. मग वही बंद करून माझ्याकडे सरकवली.

"पुढच्या सभेत हे वाचणार का?"

मी वही पिशवीत घातली. पुढच्या सभेत साहेब काय म्हणणार ते तिलाही ठाऊक होतं.

दुसरी इस्त्री कपाटावर होती, तिच्याभोवती वायर नीट गुंडाळलेली. तिने माझे कपडे गठ्ठ्याच्या तळाशी ठेवले.

"चार दिवस लागतील," ती म्हणाली. "एकटी आहे."